भरतीची पाऊणकी

दांडी, २८ एप्रिल १९७९

चि. जयवंतीस आशीर्वाद.

आज पहाटे एका जुन्या आवाजाने जाग आली. "एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन..." ओटीवर कुणीतरी मांडी घालून, पुढेमागे डोलत पाऊणकी म्हणत होतं. आठापर्यंत गाडी नीट आली आणि नवावर अडली. मी अंथरुणात उठून बसलो. ओटीवर कुणी नव्हतं, तिथे फक्त तुझ्या मुलीच्या चपला होत्या.

नाशिकहून तुझं कार्ड आणि तुझी मुलगी एकाच दिवशी पोचली. पंढरीने तिला बोईसर स्टेशनवरून आणून सोडलं, उभ्याउभ्या पाणी प्यायलं आणि परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणाला. जावई पहिल्यांदा सासऱ्याच्या घरी येतो आणि चहासुद्धा घेत नाही, याचा अर्थ मला कळतो. सोळा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, तेही चार वाक्यांपुरतं. 'दोघांनाही कामाच्या पाळ्या आहेत. नलू दिवसभर घरी एकटी असते. पंधरा पूर्ण झाली म्हणून इथल्या सुट्टीच्या शिबिरांत घेत नाहीत. दहावीच्या निकालापर्यंत ठेवून घ्यावे.' समुद्राविषयी तू एक अक्षरही लिहिलेलं नाहीस. जे लिहिलं नाहीस तेच मी सारखं वाचतोय.

नलू चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, "आबा, मी इथे दिवसभर काय करायचं?" चाळीस वर्षं मास्तरकी केली, पण हा प्रश्न कुठल्याच वर्गात कुणी विचारला नव्हता. आमच्या वेळी पंधराव्या वर्षी मुलगा होडीवर असे आणि मुलगी चुलीपाशी.

बोईसरच्या एका शाळेत शिबिर चालू आहे. ते चालवतो माझाच विद्यार्थी, नामदेव. पाया पडला, नलूकडे पाहिलं आणि हसला. "मास्तर, ही आता लिंबू-चमचा खेळणार काय? कागदाच्या टोप्या करणार? ही तर त्यांची ताई शोभते. पण ताई व्हायला कॉलेज लागतं." मग टायपिंगच्या क्लासात गेलो. तिथे पाळी संपवून आलेले कारखान्यातले कामगार रांगेत बसलेले. मालक म्हणाला, "रिझल्ट लेके आना, काका."

रिक्षात नलू म्हणाली, "मी लहानपण नाही आणि मोठीपण नाही. मग आहे कोण?"

"अर्धविराम," मी म्हणालो.

ती हसली. हसताना तुझ्यासारखी मान वाकडी करते. मी मात्र बोटांवर मोजत होतो. शिबिर नाही, क्लास नाही. आता या गावात दिवस काढायला एकच जागा उरते, आणि ती माझ्या खिडकीतून दिसते.

तुझा बाबा


दांडी, ६ मे १९७९

चि. जयवंतीस,

पहिल्या पत्राला उत्तर नाही. मला अपेक्षाही नव्हती. तरी टपालवाला वळणावर आला की मी चष्मा पुसून ठेवतो.

या आठवड्यात जे जे केलं ते सांगतो, म्हणजे मी प्रयत्न केला नाही असं तुला वाटायला नको. बेटेगावात एक बाई शिवण शिकवतात, तिथे पाठवली. तिसऱ्या दिवशी नलू म्हणाली, काजं करून करून माझ्या डोळ्यांची काजं झाली. मग मी घरीच कवितावर्ग काढला. गावातली दहावीला बसलेली पाच मुलं जमली. मी जुन्या पाठ्यपुस्तकातल्या समुद्राच्या कविता चालीवर म्हणून दाखवल्या. काय त्या चाली होत्या गं! चौथीचा अख्खा वर्ग म्हणायला लागला की वाटेवरची माणसं डोक्यावरच्या टोपल्या सावरत थांबायची. आताची मुलं खिडकीबाहेर बघत होती. दुसऱ्या दिवशी तिघं आली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बायडीची कमळी तेवढी आली, तीही नलूला बोलवायला.

नलूने वही मिटली. "आबा, तुमच्या कवितेत समुद्र चालतो. मग खराखुरा का नाही चालत?"

उत्तर भिंतीवर होतं, हार घातलेलं. ती त्या फोटोकडे बघत नाही, म्हणून मीही बघत नाही.

बायडी कुंपणावरून ओरडली, "मास्तर, पोरीला बरनीत घालून ठेवलीव काय? लोनचं हाय का ती? माझ्यासंगं धाडा खडपावर. खडकावरची कालवं फोडील, चार बायकांत बसंल, शिकंल कायतरी."

"नको."

"मी हाय ना संगं. माझी कमळी बी हाय."

"नको म्हणतो ना!" माझा आवाज इतका चढला की कमळी दोन पावलं मागे गेली. बायडीला सगळं माहीत आहे. त्या दिवशी तुला पाण्यातून ओढून काढणाऱ्या बायकांत तिची आई होती.

नलू आत गेली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवली, भांडी घासली, झाडलोट केली, पण एक शब्द बोलली नाही. अशी शांतता या घराने एकदा पाहिली आहे, तुझी. तिचा शेवट काय झाला ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

म्हणून काल हो म्हणालो. तुला न विचारता. पत्र पोचेपर्यंत ती जाऊन आलेली असेल. रागाव, पण वाच.

बाबा


दांडी, १२ मे १९७९

चि. जयवंतीस,

ती रोज जाते आणि रोज परत येते. दुसरं अर्धं आधी लिहायला हवं होतं.

तुझी मुलगी काळी झाली आहे. हाताला कालवांच्या कडांनी चिरा पडल्यात, त्यांवर ती हळद लावते आणि ऐटीत दाखवते. कोयतीच्या एका फटक्यात शिंपला उघडते. बायडी म्हणते, "शहरची हाय, पन हात आपला हाय." परवा तिने कालवांचं कालवण केलं. मीठ जास्त पडलं होतं, मी दोनदा मागून घेतलं.

नामदेवच्या शिबिरात यातलं काय शिकवलं असतं? हे मी स्वतःला विचारतो, धीर यावा म्हणून. पण धीर येत नाही. खडप आणि किनारा यांच्यामधला तो चर तुला आठवत असेलच. ओहोटीला घोट्याइतकं पाणी, आणि पाणी फिरलं की दोन तासांत माणूस बुडेल एवढं. मी खिडकीपाशी पुस्तक धरून बसतो. एका दुपारी लक्षात आलं, पुस्तक उलटं होतं.

एक गोष्ट कबूल करतो. नलू रोज निघताना विचारते, "आबा, परत कधी निघू?" मी तिथीच्या आकड्याची पाऊणकी करतो. पाऊणकीने भरतीची वेळ निघते, तिच्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटीची, आणि ओहोटीनंतर तासभर चर ओलांडता येतो. हा हिशेब मी या गावच्या तीन पिढ्यांना शिकवला. आणि मग जी वेळ येते तिच्यातून एक तास कापून नलूला सांगतो. साडेचार असेल तर साडेतीन म्हणतो.

बायडीला वेळ सांगावी लागत नाही, तिला पाण्याचा रंग कळतो. ती हसते. "मास्तर, तुमच्या वक्ताला आमी निगालो तर टोपली रिकामी येल!" नलूच्या मनगटावर पंढरीने परीक्षेसाठी घेतलेलं घड्याळ आहे. ती आधी घड्याळाकडे बघते, मग माझ्याकडे.

काल म्हणाली, "आबा, तो हिशेब मला शिकवा ना. आम्हाला शाळेत पाऊणकी नव्हती."

मी सुरुवात केली. एक पाऊण पाऊण. दोन पाऊण दीड. आठ पाऊण सहापर्यंत आलो. पुढे जीभ उचलेना. म्हणालो, "उद्या शिकवीन." नवाचं उत्तर मला येतं, जयवंती. पावणेसात. पण ते मोठ्याने म्हणायचं धाडस मला सतरा वर्षांत झालेलं नाही.

बाबा


दांडी, १७ मे १९७९, सकाळी

जयवंती,

आज आशीर्वाद लिहीत नाही. तो देण्याचा अधिकार मला आहे की नाही हे तू ठरव.

काल नलू भिंतीवरचा फोटो पुसत होती. मी सांगितलं नव्हतं, तिनेच काढून घेतला. पदराने काच पुसावी तशी ओढणीने पुसत म्हणाली, "हा चिंतूमामा ना? आई म्हणते, हा माझ्यामुळे गेला."

"कुणामुळे?"

"आईमुळे. ती म्हणते, वेळेकडे लक्ष द्यायला हवं होतं, ते दिलं नाही."

मी ओटीवर येऊन बसलो. तू स्वतःच्या मुलीलाही हेच सांगितलंस. नाशिकला, माझ्यापासून इतक्या लांब, जिथे तुला कुणी अडवणार नव्हतं, तिथेही मला झाकलंस.

आता जे घडलं ते मी लिहितो. तुला ठाऊकच आहे, पण माझ्या अक्षरात ते कुठेच नाही.

बासष्टचा मे महिना. तू सोळा वर्षांची, चिंतू आठ वर्षांचा. चिंतूला घेऊन खडपावर निघताना तू दारात उभी राहून विचारलंस, "बाबा, पाणी कधी फिरेल?" मी वर पाहिलंसुद्धा नाही. नव्या वर्गासाठी एका कवितेला चाल लावत होतो, तिसऱ्या ओळीत अडलो होतो. पंचांग हाताच्या अंतरावर खुंटीला होतं. मी म्हणालो, "आज एकादशी. साडेतीनला निघा."

एकादशी नव्हती. नवमी होती. दोनला निघायला हवं होतं.

तू साडेतीनपर्यंत थांबलीस, कारण मास्तरांनी सांगितलं होतं. गावात माझ्या वेळेवर कुणी शंका घेत नसे. बायकांनी तुला वाळूवर आणून ठेवलं तेव्हा तुझ्या नाकातोंडातून पाणी येत होतं, आणि चिंतू तुझ्याबरोबर नव्हता. आणि मी, सगळ्या गावासमोर, तुझ्यावर वाकून काय विचारलं? "तू कुठे होतीस?"

तू माझ्याकडे पाहिलंस. वेळ कुणी सांगितली हे तू एका शब्दात सांगू शकली असतीस. मी त्या शब्दाची वाट पाहत होतो आणि तो येऊ नये म्हणून मनात देव आळवत होतो. तो आला नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढे वर्षभर तू या घरात मुकी वावरलीस तेव्हाही नाही. मग पंढरीबरोबर गेलीस. गाव म्हणालं, पोरगी मनाला लावून घेऊन गेली. मीही मान हलवली.

चिंतूला नऊ पाऊण कधी येत नसे. त्या दिवशी तरी मला यायला हवं होतं.

एवढंच. क्षमा मागत नाही, ती फार स्वस्त पडेल. एक गोष्ट मात्र करणार आहे. नलूला एक तास कापून वेळ सांगतो, तोही एक खोटेपणाच आहे. एकदा चुकीची वेळ सांगून एक लेकरू घालवलं, आता भीतीपोटी दुसऱ्याला रोज चुकीची वेळ सांगतो. बायडीच्या भावाकडे लग्न आहे, त्यामुळे मंगळवारपर्यंत खडपावर कुणी जाणार नाही. मंगळवारी नलूला खरी वेळ सांगेन. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

हे पत्र बोईसरला स्वतः जाऊन टाकतो. इथल्या पेटीचा भरवसा नाही, आणि माझा तर त्याहून नाही.

बाबा


दांडी, २२ मे १९७९, दुपारी चार वाजून पन्नास मिनिटं

जयवंती,

अक्षर लागलं नाही तर समजून घे. मला लिहीत राहायला हवं. थांबलो तर ऐकू येतं.

आज खरोखरच एकादशी आहे. पंचांग तीनदा पाहिलं. अकरा पाऊण सव्वाआठ, म्हणजे सव्वाआठला भरती, अडीचच्या सुमाराला पूर्ण ओहोटी, आणि साडेतीनला निघायलाच हवं. नलू दीडला निघाली. मी म्हणालो, "साडेतीन. लक्षात ठेव, साडेतीन." ती मान वाकडी करून हसली. "हो आबा. तुमचं साडेतीन."

'तुमचं' का म्हणाली, ते मी विचारलं नाही.

चार वाजता अंगणात कमळी आली. डोक्यावर रिकामी टोपली, पायांवर बोईसरची धूळ. म्हणाली, "आजोबा, नलू हाय का घरात?"

"खडपावर. तुझ्याबरोबर ना?"

"मी कुटं? आयनं मला सकाळीच बोईसरला नेली, मासळी इकाया. नलूला सांगितलं व्हतं मी. ती बोल्ली, मी एकली जाते, आता मला येतं."

मी म्हणालो, "मग साडेतीनलाच निघाली असेल. वाटेत असेल."

कमळीचा चेहरा बदलला. "साडेतीन? तुमी सांगितलाव? मंग ती साडेचारला निगंल. आजोबा, तुमचा टायम तासभर अगोदरचा असतो, म्हायती हाय ना सगल्यांना. आमी रोज तुमच्या टायमात एक तास टाकून निगतो."

रोज. माझ्या प्रत्येक भित्र्या वेळेत ती पोर एक तास मिळवत होती, आणि तिचं उत्तर रोज बरोबर येत होतं. आज मी पहिल्यांदा खरं बोललो.

मी किनाऱ्याकडे धावलो. धावलो कसला, गुडघा सुरूच्या झाडांशीच दगा देऊन गेला. कमळीने आरडाओरडा करून बापाला उठवलं. बायडीचा नवरा जिव्या, त्याची मोठी होडी परवाच वर ओढून पावसासाठी शाकारून ठेवलेली. लहान होडी वाळूत उलटी पडलेली. चार-पाच जणांनी ती सरळ केली. वाळूवरून तिला ओढताना जो आवाज होतो, तो ऐकताना मी डोळे मिटून घेतले. चरात पाणी आलं होतं. खडपाचं टोक वळणाआड असल्याने तिथे कोण आहे नाही ते काही दिसेना. मी तिच्या नावाने हाक मारली. तोंडातून नलू आलं नाही, चिंतू आलं.

जिव्या माझे खांदे धरून म्हणाला, "मास्तर, तुमी घरी बसा. पोर दुसऱ्या वाटंनं आली तर घरीच येल. घरात कोनतरी पायजे." ही थाप होती, मला कळत होतं. पण थापेला धरूनच मी घरी आलो.

आता पाच वाजत आलेत. पाणी चढताना त्याचा आवाज आधी बारीक असतो, वर्गात मुलं पुटपुटतात तसा, मग सगळा वर्ग एकदम म्हणायला लागतो.

पाच वाजून दहा. कमळी धापा टाकत आली होती. दारातूनच म्हणाली, "बाबा खडपावर गेला. तिथं कोन नाय. नलूची टोपली हाय, कोयती हाय. ती नाय." आणि रडत परत पळाली.

टोपली आहे, ती नाही.

जयवंती, हे पत्र तुला कसं पाठवू? तुझी मुलगी चार वाक्यांच्या कार्डासोबत मला दिली होतीस. मी तुला कोणतं वाक्य परत पाठवू? तू तेव्हा गप्प राहिलीस तशी या वेळी राहू नकोस. सगळ्या गावाला सांग. मीच सांगेन. फळ्यावर लिहीन. फक्त तिला

दार वाजलं. जिव्याला दार वाजवायची सवय नाही.


पुढचं आता त्याच कागदावर लिहितो. तू आत चुलीपाशी आहेस आणि हे पत्र टपालात जाणार नाही. पण मजकूर अर्धवट सोडू नये असं मीच वर्गात सांगत आलो.

दार उघडायला मला वेळ लागला. कडी हाताला सापडेना. वाटलं, बाहेर चार माणसं असतील, आणि त्यांनी काहीतरी धरलेलं असेल.

बाहेर नलू होती. कमरेपर्यंत भिजलेली, ओठ पांढरे, एका पायात चप्पल नाही. तिचं मनगट कुणीतरी इतकं घट्ट धरलं होतं की घड्याळाचा पट्टा कातडीत रुतला होता. ज्या हाताने धरलं होतं, त्या हाताची बाई तिच्या मागे उभी होती. लुगड्यातून पाणी गळत होतं, केसांत पांढऱ्या रेषा. काखेतल्या पिशवीतून माझं सतरा तारखेचं पाकीट डोकावत होतं, भिजून चिकटलेलं.

नलू म्हणाली, "आबा, मी साडेचारलाच निघणार होते. ही एकदम कमरेएवढ्या पाण्यातून चर ओलांडून आली. मला वाटलं कोण बाई आहे ही. म्हणाली, चल, आत्ता. टोपली तिथेच टाकायला लावली. परत फिरेपर्यंत चर आणखी भरला होता, म्हणून उत्तरेच्या वाळूच्या दांड्यावरून लांबून आणलं."

मी तुझ्याकडे पाहिलं. तू बसमधून उतरून आधी घरी आली नव्हतीस. पत्र वाचून आलीस आणि आधी तिथे गेलीस, जिथे चिंतूला सोडून आली होतीस.

मला विचारायचं होतं, कशी आलीस, कधी आलीस. ओठ हलले आणि त्यांतून तोच जुना प्रश्न निघाला. वेगळा कुठला त्यांना येतच नव्हता.

"तू कुठे होतीस?"

तू नलूचं मनगट सोडलं नाहीस. उंबरठ्याबाहेरच उभी राहिलीस आणि सतरा वर्षांनी उत्तर दिलंस.

"तिथंच होते, बाबा."